कट हुकला

माझ्या धाकट्या भावाची मुलगी गोल्फ खेळून आपला चरितार्थ चालवते. हे वाक्य इतक्या सरळपणे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते. जळगावात देवळाच्या ओट्यावर बसणारे माझे समवयस्क विचारीत, "पुतणी सध्या कुठे असते?" तेव्हा "खेळाच्या क्षेत्रात आहे" एवढे बोलून मी विषय दुसरीकडे वळवीत असे. त्यांचा पुढचा प्रश्न आला असता, तर मला उत्तर देता आले नसते.

भाऊ सैन्यात होता. छावणीतल्या मैदानावर सुटीच्या दिवशी तो खेळे आणि ही पोर त्याच्यामागे हिंडे. त्या हिंडण्यातून ती खेळाडू झाली, पुढे व्यावसायिक झाली. निवृत्तीनंतर भाऊ धुळ्याला स्थायिक झाला. मुलगी मात्र वर्षातले बरेच महिने कुठल्या ना कुठल्या परक्या शहरात, बरोबरीच्या मुलींसोबत खोली वाटून घेऊन राहते. सामना संपला की मला फोन करते. लहानपणी तिला मी स्तोत्रे शिकवली होती, त्या नात्याने करीत असावी. ती आकडे सांगे, मी "यशस्विनी भव" म्हणे आणि फोन ठेवी. त्या आकड्यांचा अर्थ मी कधी विचारला नाही. ज्याचे आयुष्य संस्कृत व्याकरण शिकवण्यात गेले, त्याने अर्थ न विचारता शब्द ऐकून घ्यावेत, हे लिहिताना आजही मान खाली जाते.

गेल्या मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सप्ताहासाठी नरडाण्याजवळच्या एका गावात माझी प्रवचने होती. मुक्काम धुळ्याला भावाकडे होता. सप्ताह सुरू होण्याच्या दोन दिवस आधी पुतणीचा फोन आला.

"नाना, पहिल्या दिवशी चौऱ्याहत्तर झाले, दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी. कट हुकला."

"हुकला ना? देवाची कृपा!"

मग ती म्हणाली, "बरं नाना. मी घरी येतेय. तुमच्याशी जरा बोलायचंय."

मी माझ्या मनाशी अर्थ लावला. चौऱ्याहत्तराचे एक्क्याऐंशी झाले, म्हणजे मुलीने प्रगती केली. आणि कोणीतरी तिच्याविरुद्ध कट रचला होता, तो फसला. गुणी माणसांविरुद्ध कट होतच असतात, याविषयी मला कधी शंका आली नव्हती.

ती आली ती थकलेली. "उद्या मीच सोडते तुम्हाला गावाला, वाटेत बोलू," असे म्हणाली. परंतु सकाळी गाडीत बसल्यावर मी पोथी उघडून त्या दिवसाचे निरूपण मनात जुळवीत राहिलो. तिने दोनदा माझ्याकडे पाहिले, हे मला आठवते.

देवळाच्या मंडपात माणसे शाली-स्वेटरांत गुरफटून बसली होती. मंदिर समितीच्या अध्यक्षांना तिचे कौतुक मीच सांगितले. त्यांनी लगोलग शाल आणि श्रीफळ मागवले. मग मी व्यासपीठावरून बोललो. म्हणालो, "ही कन्या चौऱ्याहत्तरावर समाधान मानून थांबली नाही, एक्क्याऐंशीपर्यंत पोहोचली. तिच्याविरुद्ध कट रचला गेला. परंतु सत्याचा पाठीराखा भगवंत आहे. तो कट हुकला!"

टाळ्यांच्या कडकडाटात अध्यक्षांनी शाल-श्रीफळ तिच्या पुढ्यात ठेवले. मागून एक वृद्ध शेतकरी अहिराणीत ओरडला, "कोनी कया व पोरी कट? नाव सांग, दखी लेसूत त्याले!"

कट करणाऱ्याला बघून घेण्याची ही तयारी ऐकून मंडप हसला. ती उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "नाना, मला एक सांगायचं—"

मला वाटले, ही विनयाने स्तुती नाकारणार. मी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि "बस बाळ, विनय पुरे," असे म्हणत तिला खाली बसवले. माझ्या हाताखाली ती बसली.

परतताना महामार्ग लागला तसा तिने गाडीचा वेग कमी केला. मग म्हणाली, "नाना, रागावू नका, पण कट कोणी केला असं तुम्हाला वाटलं?"

"ते तूच सांगणार ना!"

तेव्हा तिने सांगितले. त्यांच्या खेळात चेंडू जितक्या कमी फटक्यांत भोकात जाईल तितके चांगले. दोन दिवसांनंतर एक रेघ ठरते. जिचे फटके त्या रेघेपेक्षा अधिक, तिने सामान आवरून घरी जायचे. त्या रेघेला कट म्हणतात. दुसऱ्या दिवशी एक्क्याऐंशी फटके घेऊन ती रेघेच्या बाहेर राहिली होती.

"म्हणजे तू हरलीस?"

"हो नाना. या मोसमात बऱ्याचदा. आता खेळण्याचा हक्कच गेलाय. पुढच्या महिन्यात पात्रता फेरी आहे, तिथं नव्यानं मिळवावा लागेल. जाऊ की सोडून देऊ, हे कळेना. तेच तुम्हाला विचारायला आले होते." मग ती म्हणाली, "पण ही शाल मला ठेवता येणार नाही. आमचे फटके खरे आहेत, अशी सही आम्हीच करायची असते. कमी सांगून सही केली, तर बाद."

"मग तू तिथेच का नाही बोललीस?"

"उठले होते, नाना. तुम्ही बसवलंत."

त्यात राग नव्हता. असता तर मला थोडा आधार वाटला असता. सूत्रकाराचा मोठेपणा लाघवात असतो, जे काम थोड्या अक्षरांत होते त्याला अधिक अक्षरे लावू नयेत, हे मी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो. माझ्याच घरातली मुलगी तोच लाघवाचा धर्म मैदानावर पाळत होती, आणि तिच्या वाढलेल्या फटक्यांवर मी टाळ्या मिळवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलाचरण झाल्यावर मी पोथी मिटली आणि काल काय चुकीचे बोललो ते सांगितले. कट या शब्दाशी आलो तेव्हा मंडपात हशा उसळला. अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "तुमनी बी कमाल शे, आबा!" मलाही त्यांच्यासोबत हसून मोकळे होता आले असते. हसू आले नाही.

पुढे बसलेल्या एका अक्कांनी विचारले, "मंग पोर हारनी का?"

"हरली, अक्का. म्हणून शाल परत आणली आहे."

अक्का उठल्या. पुतणीच्या हातातली घडी त्यांनी मोडली आणि शाल तिच्या खांद्यांवर टाकली. "हारेल मानूसले काय थंडी वाजस नही? पांघर व माय."

ती हसली आणि रडलीही. मग मी तिला म्हणालो, "बाळ, काल जे सांगायचे राहिले ते आता सांग."

ती उभी राहिली. "मी हरले, हे काल सांगायचं होतं. आज आणखी एक सांगते. पुढच्या महिन्यात मी परत खेळायला जाणार आहे. तिथंही हुकेल कदाचित. हुकलं तरी तुम्हाला येऊन सांगेन."

माझ्या सल्ल्यावाचून तिचे ठरले होते. सवयीने माझा उजवा हात आशीर्वादासाठी उचलला गेला. आदल्या दिवशी याच हाताने तिला खाली बसवले होते. मी तो उपरण्याखाली घेतला आणि ती स्वतः होऊन बसेपर्यंत तिथेच धरून ठेवला.