आधी पत्र, मग पिरॅमिड

घराबाहेर पडल्याशिवाय माणसाला स्वतःची ओळख पटत नाही, आणि प्रवासाइतका प्रामाणिक गुरू दुसरा नाही. आमच्या घरातून दर दिवाळीला पुण्याला जाणाऱ्या पत्राची सुरुवात एका वर्षी अशी होती. माझ्या नवऱ्याने ही वाक्यं कुवेतमधल्या फिंतासच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाशी, पोह्यांची रिकामी ताटली बाजूला सारून लिहिली. त्या प्रामाणिक गुरूची भेट व्हायला अजून सोळा दिवस होते.

आधी पत्राविषयी सांगायला हवं. नव्वदच्या दशकात कुवेतमध्ये आम्ही एका छपराखाली आठ जण होतो. नवरा, मी, तीन मुली, त्यांच्या पाठचा मुलगा, सासूबाई आणि माझा दीर. दीर नोकरी लागल्यावर 'जागा मिळेपर्यंत' म्हणून आमच्याकडे उतरला होता आणि सहा वर्षं जागा शोधत होता. पुण्यात आमची मित्रमंडळी चाळीसेक घरांत पसरलेली. प्रत्येकाला वेगळं लिहायचं तर नोकरी सोडावी लागली असती. म्हणून नवऱ्याने एकच चार पानी पत्र लिहून त्याच्या प्रती काढायचा प्रघात पाडला. तो रिफायनरीत इंजिनियर. पत्रालाही त्याने मथळे दिले होते: आरोग्य, शैक्षणिक प्रगती, प्रवास. शेवटी आठ जणांच्या सह्या. सही वाचल्याशिवाय करायची नाही, असा त्याचा नियम होता. सासूबाई मान डोलावत वाचत आणि शाळेच्या हजेरीपटावर असावं तसं पूर्ण नाव लिहीत.

प्रती निघाल्या की पाकिटं सुटीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत जात. तो माणूस पुण्यात उतरला की तिकिटं चिकटवून पेटीत टाकी. त्यामुळे पत्राची तारीख दिवाळीवर ठरत नसे, त्या माणसाच्या विमानावर ठरत असे. त्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसातला माणूस चार दिवसांत निघणार होता आणि आमची इजिप्तची सहल त्यानंतर बारा दिवसांनी होती.

"अहो, पण आपण अजून गेलो कुठे आहोत?" मी विचारलं.

"तिकिटं आहेत, व्हिसे आहेत, हॉटेल ठरलंय," नवरा म्हणाला. "तो माणूस आधी गावी जाणार, मग पुण्याला. पत्र लोकांच्या हातात पडेल तेव्हा आपण जाऊन आलेले असू. वाचणाऱ्याच्या बाजूने बघ. त्याच्यासाठी ते होऊनच गेलंय."

"दादा, मला उंटावरून पाड," दीर पेपरमागून म्हणाला. "लोक तेवढंच वाचतील."

"अतिशयोक्ती नको," नवरा म्हणाला, आणि न पाहिलेल्या पिरॅमिडचं दीड पान वर्णन पूर्ण केलं.

मी वाचलं आणि सही केली. सासूबाईंनीही केली. सहा वर्षांच्या धाकट्याने आपलं नाव इंग्रजीत काढून त्याखाली विमान काढलं.

जवळच्या फहाहीलमधल्या फोटोकॉपीच्या दुकानात रत्नागिरीकडचे एक गृहस्थ होते. यंत्र चालू असताना ते समोरचा कागद वाचत, आणि वाचतो हे लपवतही नसत.

"वहिनी, मिसरला कधी जाऊन आलात?" त्यांनी विचारलं. "मंगळवारी साहेब तर हितंच उभे होते."

"जायचंय अजून."

त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं. मग चाळीस आत्ताच काढायच्या, की आल्यावर काढू या?"

"आत्ताच."

आम्हाला थांबवण्याचा प्रयत्न एकट्या त्या गृहस्थांनी केला, याची नोंद इथे असावी.

पाकिटं पुण्याला गेली. त्याच आठवड्यात रिफायनरीच्या ज्या युनिटचं शटडाउन, म्हणजे बंद ठेवून करायची डागडुजी, आटोपत आली होती, त्यात आणखी काम निघालं. सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. तिकिटं परत केली. मुलींनी एक संध्याकाळ तोंडं फुगवली. नवरा म्हणाला, वसंतात जाऊ, आणि तीन आठवडे पहाटे जाऊन रात्री घरी येत राहिला.

उत्तरं नोव्हेंबरात येऊ लागली. बहुतेकांनी पिरॅमिडबद्दल अभिनंदन केलं होतं, जणू ते आम्हीच बांधले. एक निळं हवाई पत्र फक्त सासूबाईंच्या नावाने होतं. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि शिवणाच्या डब्यात ठेवलं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मैत्रिणीचं आहे. बरी आहे."

ही मैत्रीण त्यांच्या शाळेतली. पुढे तिने तीस वर्षं भूगोल शिकवला. सासूबाई दर जूनमध्ये आमच्याबरोबर पुण्याला जात आणि दोन महिने राहत. त्या दोन महिन्यांतल्या सगळ्या सकाळी त्या मैत्रिणीच्या घरी जात. कुवेतमधल्या उरलेल्या दहा महिन्यांबद्दल त्या कधी तक्रार करत नसत, कारण त्यांच्या लेखी ते जूनची वाट पाहण्याचे महिने होते.

जानेवारीत नवरा जूनची तिकिटं काढायला निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "माझं काढू नकोस. मी इथेच राहीन."

"इथे? जूनमध्ये?" दीर म्हणाला. "आई, जूनमध्ये इथे उंटसुद्धा राहत नाहीत."

कारण विचारलं, पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी शिवणाचा डबा उघडून ते निळं पत्र काढलं. मैत्रिणीने अकरा प्रश्न विचारले होते. क्रमांक घातलेले. दगड हाताला गरम लागतो की गार? दोन दगडांच्या फटीत सुरीचं पातं जात नाही म्हणतात, ते खरं का? अगदी पायथ्याशी उभं राहिलं तर टोक दिसतं का? वास कसला येतो? असे अकरा, आणि खाली लिहिलं होतं: 'पुस्तकात आहे ते मला पाठ आहे, ते लिहू नकोस. माझं काही आता जाणं व्हायचं नाही. तू जाऊन आलीस म्हणून विचारते.'

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. "मी उत्तरं काढून देतो," तो म्हणाला. "ऑफिसच्या लायब्ररीत ज्ञानकोश आहे."

"ज्ञानकोश तिच्याकडेही आहे. तिने मला विचारलंय."

"मग कळवू या, ऐन वेळी जमलं नाही म्हणून."

"चाळीस घरांत गेलेल्या कागदावर माझी सही आहे, तिचं काय करू?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्यासमोर बसून मी खोटं बोलणार नाही. आणि माझा मुलगा न पाहिलेलं लिहितो, हेही सांगणार नाही. म्हणजे तिच्यासमोर बसायचंच नाही."

नवऱ्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगता येते. चूक त्याला सहजासहजी पटत नसे, पण एकदा पटली की तो ती कामासारखी अंगावर घेई. बकरी ईदच्या सुटीला जोडून त्याने रजा मिळवली. आठही पासपोर्ट पुन्हा व्हिसासाठी गेले. मी म्हटलं, आपण दोघं आणि आई गेलो तरी पुरे. तो म्हणाला, पत्रात आठ जण आहेत.

पत्राची एक प्रत त्याने बरोबर घेतली. हे आम्हाला कैरोत कळलं.

ईदमुळे अर्धं कैरो पिरॅमिडपाशी चटया टाकून जेवत होतं. तिथे एका दगडावर टेकून नवऱ्याने पत्र उघडलं आणि धाकट्याला बोलावलं. पत्रात धाकट्याने उंटावर बसण्याचा हट्ट धरला होता. प्रत्यक्षात उंटाने त्याच्याकडे मान वळवली आणि तो माझ्या मागे लपला.

"आय डोन्ट वॉन्ट इट."

"अरे, पण तू हट्ट धरला आहेस," नवरा म्हणाला.

"आय डिडन्ट."

"बसव त्याला, दादा," दीर म्हणाला. "सही आहे त्याची."

शेवटी धाकटा बसला, रडला, फोटो निघाला. पत्रानुसार मोठी मुलगी इतिहासात रमून गेली होती. ती बसमधून उतरलीच नाही, कारण तिच्या कादंबरीची शेवटची तीस पानं राहिली होती. नवऱ्याने दोन-तीन ओळींवर पेन्सिलीने खुणा केल्या, मग पत्र खिशात घातलं आणि पुन्हा काढलं नाही.

सासूबाईंना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांनी अकरा प्रश्नांचा कागद पर्समधून काढला आणि एकेक प्रश्न घेऊन त्या कामाला लागल्या. त्या बोलत आणि मी हॉटेलच्या कागदावर लिहून घेई. दगडाच्या उन्हाच्या बाजूला हात ठेवला, मग वळसा घालून सावलीच्या बाजूला. पायथ्याशी उभ्या राहून मान मागे टाकली आणि म्हणाल्या, "लिही. टोक दिसत नाही. मधेच दगड संपतात आणि आकाश सुरू होतं." वासासाठी त्या जरा थांबल्या. "घोड्याची लीद. आणि शेजारी कुणीतरी कांदा चिरतंय."

फटीसाठी सुरी नव्हती. त्यांनी आपलं सिव्हिल आयडी काढलं. कुवेतमध्ये राहणारा माणूस या ओळखपत्राशिवाय जिना उतरत नाही. ते त्यांनी दोन दगडांच्या मध्ये सरकवलं. कार्ड अडकलं नाही, सरळ आत गेलं आणि दिसेनासं झालं. दिराने पोटावर पडून माझ्या केसातल्या पिनेने ते बाहेर काढलं. त्या सहलीत त्याने केलेलं हे एकमेव काम.

"लिही," सासूबाई म्हणाल्या. "पातं जातं. हातसुद्धा जातो."

जूनमध्ये पुण्याला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या मला बरोबर घेऊन मैत्रिणीकडे गेल्या. दोन खोल्या, भिंतीवर जगाचा नकाशा, टेबलावर वही. मैत्रिणीने चहा करून आणला, चष्मा लावला आणि म्हणाली, "हं, एक."

सासूबाईंनी अकराही उत्तरं वाचली. मैत्रीण लिहून घेत होती. टोक दिसत नाही, हे तिने दोनदा वाचायला लावलं. हात जातो म्हटल्यावर तिने लिहायचं थांबवलं. "पुस्तकात तर केसही जात नाही म्हणतात."

"पुस्तकवाल्याने घालून बघितला नसेल. माझं कार्ड आत पडलं होतं."

अकरावं झालं. सासूबाईंनी कागदाची घडी केली, उलगडली. "एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "पत्र दिवाळीचं होतं. आम्ही गेलो ईदला."

"ठाऊक आहे," मैत्रीण म्हणाली.

"कसं?"

"तीस वर्षं सहलीचे निबंध तपासलेत गं. जी पोरं सहलीला येत नाहीत ती सूर्योदय लिहितात. आलेली पोरं डबा लिहितात."

सासूबाईंनी कागद पर्समध्ये ठेवला. "मग एवढं विचारलंस कशाला?"

"तू जावंस म्हणून."

"माझी झोप उडाली होती. यंदा येणारच नव्हते मी."

"मला कसं कळणार? तू उत्तर पाठवलं नाहीस." मैत्रिणीने वही मिटली. "उद्या येताना जाडी सुई आण. माझी मोडली."

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, काय म्हणाल्या. मी सांगितलं. त्याने पत्र काढून तिसरं पान शोधलं. पिरॅमिडवर पडलेला पहिला किरण पाहून आम्ही आठही जण निःशब्द झालो, असं तिथे लिहिलेलं होतं. ते वाक्यही खरं करायचा त्याचा विचार होता, हे मला तेव्हा कळलं. पिरॅमिड पाहायला गेलो त्याच्या आदल्या रात्री त्याने कैरोच्या हॉटेलात खाली जाऊन चौकशी केली होती. पिरॅमिडचं फाटक सकाळी आठला उघडतं.