न चाखलेले मीठ

जिनपाल अकरा वेळा दंबदिवला जाऊन आला होता. बुद्धाच्या जन्मापासून निर्वाणापर्यंतची सगळी ठिकाणे आमच्याकडे श्रीलंकेत त्या एका शब्दात येतात, आणि आमच्या निकवेरटिया गावात ती एकदा पाहून आलेल्या माणसाला लोक बाकावर सरकून जागा देतात. जिनपालसाठी कोणी सरकत नसे. तो यात्रेचा स्वयंपाकी. सारनाथ म्हणजे त्याच्या लेखी नळाला पाणी कमी असलेली धर्मशाळा. कुशिनगर म्हणजे धुराची चूल. बुद्धगया म्हणजे धर्मशाळेच्या मागे पत्र्याखाली मांडलेल्या दोन शेगड्या, बोधिवृक्षापासून चालत बारा मिनिटांवर.

संध्याकाळी भांडी घासून झाली की तो वृक्षाला हात जोडून येई. त्याला हवे होते ते दुसरेच. दुपारच्या आधीच्या पूजेत बुद्धापुढे भात-डाळीचा वाडगा ठेवतात. यात्रेकरू रांग करून उभे राहतात आणि वाडगा हातोहात पुढे जातो, म्हणजे पुण्य सर्वांना मिळते. पहिला हात नेहमी जिनपालचा. शेवटचा हात वाडगा बुद्धापुढे ठेवतो; तो कोणाचा, हे त्याने कधी पाहिले नव्हते. वाडगा गेला की तो भाताकडे वळे, कारण भन्ते, म्हणजे भिक्खू, दुपारी बारानंतर जेवत नाहीत.

त्या वाडग्यातले अन्न कोणी चाखायचे नाही, वासही घ्यायचा नाही. बुद्धाचा वाटा निघेपर्यंत पातेल्याला कोणाची जीभ लागत नाही. त्रेचाळीस माणसांच्या डाळीचे मीठ जिनपाल करवंटीने मोजत असे. करवंटीत आतून एक रेघ कोरलेली होती. गुडघे गेल्यामुळे ही बारावी खेप शेवटची, असे त्याने घरी कबूल केले होते.

या खेपेला आमच्यात सोमलता अक्का होत्या. वय चौऱ्याहत्तर, निवृत्त पोस्टमास्तरीण, जिभेला धार. जिनपाल यात्रेत जपून, हात राखूनच मीठ घालत असे, म्हणून वाराणसीपासून त्या रोज त्याला विचारत, "जिनपाल, मीठ टपालाने पाठवलंस का? अजून पोचलं नाही." तो म्हणे, पोचेल अक्का, लांबचा पल्ला आहे.

बुद्धगयेला पोचलो त्या संध्याकाळी तो भोपळा चिरत होता. यात्रेचे म्होरके धर्मदासमामा रांगेचा क्रम लावत होते. शेवटची जागा वयाने मोठ्या म्हणून अक्कांची. जिनपालने सुरी खाली ठेवली आणि उद्या आपल्यालाही रांगेत कुठेतरी घ्या, असे हळूच सांगितले. मामांनी मान हलवली. भात कोण उतरवणार, उशीर झाला तर भन्ते उपाशी राहतील आणि पुण्य राहिले बाजूला, पापच पदरी पडेल, असे ते म्हणाले. त्यांचे चूक नव्हते. जिनपालने सुरी पुन्हा उचलली.

अक्का शेजारच्या नळावर बाटली भरत होत्या.

"भात मी उतरवते," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं टपालाची वेळ चुकू दिली नाही."

"अक्का, तुमची शेवटची जागा आहे," मामा म्हणाले.

"तिथे हा उभा राहील."

जिनपालने हात पुसले. त्याने विचारले, "भात झालेला कळतो ना तुम्हाला?"

"आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं खाल्ला. तक्रार करायला ते राहिले नाहीत, एवढंच."

सकाळी पाहिले, तर घरून आणलेले खडेमीठ संपले होते. जिनपालने कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणला, करवंटी रेघेपर्यंत भरली आणि डाळीत घातली. मग बुद्धाचा वाटा काढला, पांढरा सदरा घातला आणि वाडगा रांगेतल्या पहिल्या माणसाच्या हाती देऊन स्वतः रांगेच्या दुसऱ्या टोकाला गेला. गुडघे दुखत होते, पण चाल भराभर होती.

वाडगा बेचाळीस हातांतून आला. जिनपालने तो घेतला. वाडगा ठेवायचा दगड तीन पावलांवर होता. दुसऱ्या पावलाला त्याला आठवले, की पुड्यातले मीठ बारीक होते. घरचे खडे करवंटीत पोकळ बसतात. बारीक मीठ गच्च भरते. रेघ तीच, मीठ जवळजवळ दीडपट.

मागे फिरण्याची सोय नव्हती. रांगेतून ‘साधु, साधु’ असा साधुकार सुरू झाला होता. त्याने वाकून वाडगा ठेवला. पुढची वीस मिनिटे तो वृक्षाखाली बसून होता. शेजारचे लोक वृक्षाच्या गळलेल्या पानावर, पवित्र म्हणून, झडप घालत होते. त्याच्या मांडीजवळ एक पडले, ते दुसऱ्याने उचलले तरी त्याला कळले नाही. काय मागायचे ते त्याने घरून ठरवून आणले होते, तेही राहिले.

परत आलो तेव्हा भात उतरला होता. भन्तेंची पंगत वेळेवर बसली आणि न बोलता उठली. त्यांनी पाणी मात्र पुष्कळ मागवले. त्यानंतर आमची पंगत बसली; अक्कांनी पळीभर डाळ घेतली, तोंडात घोळवली आणि दाराशी उभ्या जिनपालकडे पाहिले.

"पोचलं," त्या म्हणाल्या. "थकलेलं सगळं टपाल एकदम पोचलं."

आधी मामा हसले, मग पंगत हसली. जिनपाल तोंड झाकून भिंतीला टेकून खाली बसला. त्याने डाळीत नारळाचे दूध आणि उकडलेले बटाटे घातले, तरी ती खारटच राहिली. त्याने स्वतः दोनदा वाढून घेतली.

आता निकवेरटियात त्याच्यासाठीही बाकावर जागा होते. दंबदिवला काय पाहिले, असे कोणी विचारले की तो वृक्षाविषयी फारसे बोलत नाही. वाडगा ठेवतात तो दगड भर उन्हातही गार असतो, एवढेच सांगतो, आणि उजव्या हाताची बोटे जरा चोळतो.