थळसमोरचा न सांगितलेला खडक

माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे की मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. ते काही अगदी खोटं नाही. समुद्राचा तळ मोजून जहाजांसाठी नकाशे काढणाऱ्या खात्यात मी गणवेशातली अधिकारी आहे, आणि मोजलेल्या खोलीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, हे आमच्याकडे पहिल्याच महिन्यात शिकवतात. बोटीच्या तळाशी लावलेलं यंत्र खाली आवाज सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली सांगतं. शेत नांगरावं तशी बोट सरळ रेघांत जाते-येते. मग त्याच पाण्यावर आडव्या रेघा मारायच्या, आणि दोन्ही वेळचे आकडे जुळले तरच ते खरे मानायचे. इतकी वर्षं हे केल्यावर मी घरीसुद्धा गॅस बंद आहे का ते तीनदा बघते. माणसांच्या बाबतीत तर आडव्या रेघा आधी मारते.

दोन हिवाळ्यांपूर्वी आमची मोजणीची छोटी बोट थळ गावासमोरच्या समुद्रात होती. मी श्रीवर्धनकडची, शिक्षकाची मुलगी. वाटलं होतं, आपलाच किनारा, आपलीच माणसं. पण मी उतरले की मासळी वाळत घालणाऱ्या बायका बोलणं थांबवायच्या. एकीने शेवटी विचारलंच, "बंदर होनार का जमीन जानार?" दोन्ही नाही म्हटल्यावर ती शेजारणीकडे बघून हसली. पांढरे कपडे घालून कोणी उगाच पाणी मोजत नाही, याची तिला खात्री होती.

जाळ्यांत अडकू नये म्हणून आम्ही एका म्हाताऱ्या नाखव्याला वाटाड्या म्हणून बोटीवर घेतलं होतं. कोणाची जाळी समुद्रात रोवलेल्या कुठल्या खुंटाला बांधलेली, ते त्याला तोंडपाठ. पाण्याखालचे खडकही त्याने न विचारता दाखवले. एवढा मोकळेपणा मला पहिल्याच दिवशी खटकला.

तिसऱ्या दिवशी एका जागी त्याने बोट लांबून वळवायला लावली. "तिकरं जाली हायेत," म्हणाला. जाळी असली की वर तरंगणारे डबे दिसतात. तिथे एकही नव्हता.

"खाली काय आहे, काका?"

"काय न्हाय, बाय. निस्ता चिखल."

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगायला आज लाज वाटते. डिझेलची चोरटी पिंपं, कोणाचा तरी दडवलेला माल. तो किती वाजता येतो, कोणाशी बोलतो, तेही मी वहीत लिहीत होते. पुढच्या आठवड्यात गावात हळद होती म्हणून तो आला नाही. मी लगेच बोट त्या जागी नेली आणि आडव्या रेघा मारल्या.

चिखल होताच. पण चिखलातून एक खडक सरळ वर आला होता, ओहोटीला मालाने भरलेल्या बोटीचा तळ फाडेल इतका वर. त्याच्याभोवती माशांची दाटी पडद्यावर दिसत होती. पिंप एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याला पडदा दाखवला. मग किनाऱ्याकडे बोट करून त्याने मला सगळं सांगितलं. कारखान्याची चिमणी डोंगराच्या खांद्याला लागली आणि देवळाचा कळस ठरावीक माडामागे गेला, की होडी बरोबर खडकावर येते. चिमणी नव्हती तेव्हा त्याचा बाप एका ताडाची खूण धरायचा. अशा खुणा ज्याच्या त्याच्या घरात राहतात. दुसऱ्याने विचारलं तर खोटं सांगायचं, आणि त्याचा कोणी राग मानत नाही. घोळ आणि शेवंड ही महागडी मासळी त्याला इथेच मिळायची. घर त्यावर चाललं होतं.

"यो कागदाव नको लिवू, बाय," तो म्हणाला. "तुज्या कागदाव आला म्हंजे समद्यांच्या मोबाईलान आला."

"एखादी बोट आपटली तर, काका?"

"बापापासून एक बी आपटली न्हाय."

मी खडक नोंदवला. ठाऊक असून लपवला आणि माणसं बुडाली, तर ते पाप माझ्या माथी आलं असतं. मी तेव्हा बरोबर होते, आजही आहे. तरी नोंदीखाली सही करताना कोणाच्या तरी घरातली वस्तू उचलल्यासारखं वाटलं.

यंदा सुटीत मुंबईहून लाँचने मांडव्याला उतरून गावी जाताना मी थळला थांबले. खडकाच्या जागी चार चकचकीत बोटी उभ्या होत्या, मुंबईहून गळ टाकायला आलेल्या हौशी लोकांच्या. नाखवा किनाऱ्यावर जाळं सांधत बसला होता. मला बसायला त्याने माशांचा रिकामा क्रेट पुढे सरकवला. त्यातही मी टोमणा शोधला, पण सापडला नाही.

मी विचारलं, "तुमच्या मुलाला ठाऊक होती ना ही जागा?"

"न्हाय," सुई न थांबवता तो म्हणाला. "त्याचे तोंडान काय ऱ्हात न्हाय. दोस्तांना सांगल असा भ्या वाटं. म्हनून थांबलू व्हतू. यंदाचे नारली पुनवेला सांगनार व्हतू."

त्याने गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि समोरच्या बोटींकडे बघितलं.

"परवा त्योच मना सांगं, बाबा, मोबाईलान बग. तिकरं खरक हाय."