यादीत नसलेलं अक्षर

भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, आजही नाही. म्हणजे... नसावा. सांगलीजवळ माधवनगरात अठरा वर्षं डीटीपी करतेय. माझ्यापुरती भुतं म्हणजे जुने मराठी फॉन्ट! मजकूर एकातून दुसऱ्यात नेला की अक्षरांचा नुसता चिवडा, नाहीतर अक्षराच्या जागी रिकामे चौकोन. आठशेच्या वर फॉन्ट जमलेत, म्हणून ते सांभाळायला एक सॉफ्टवेअर ठेवलंय. त्यात ओळ टाइप केली की ती एकाखाली एक सगळ्या फॉन्टमध्ये दिसते. गिऱ्हाईक बोट दाखवतं, मी तो लावते.

गेल्या श्रावणात पाटणकडचे एक रिटायर्ड सुभेदारकाका आले. काकूंच्या वर्षश्राद्धाला छोटं पुस्तक वाटायचं होतं — काकूंनी त्यांना पोस्टिंगवर लिहिलेल्या पत्रांचं. पत्रं सांगलीत लेकीच्या घरी ट्रंकेत होती, महापुरात त्यांचा लगदा झाला. मग काकांनी ती तोंडपाठ सांगितली आणि मी टाइप केली.

"आवं ताई, लय येळा वाचल्यात, इसरायची न्हाईत," ते म्हणाले. "फकस्त तिचं अक्षर तेवढं ऱ्हायलं न्हाई."

मंगळवारी भरदुपारी फॉन्ट निवडायला बसलो. पहिल्या पत्राची ओळ टाकली : सगळं खुशाल आहे, काळजी करू नका. यादी खाली सरकवतेय... चिवडा, चौकोन, बरा, चिवडा...

"थांबा," काका म्हणाले.

उजवीकडे कललेलं अक्षर, 'ळ'ला एक जादा गाठ. फॉन्टच्या नावाची जागा रिकामी. असा फॉन्ट मी कधी घेतलाच नव्हता.

"तिचं अक्षर हाय हे. कुठनं आणलं तुमी?"

मला वाटलं, दुःखात माणसाला काहीही दिसतं. तरी ते पत्र त्याच फॉन्टमध्ये लावून प्रिंट दिली. काका वाचत गेले आणि शेवटाला थबकले.

"ही वळ मी सांगितली न्हवती."

तिथे होतं — या सुट्टीतही आला नाहीत तरी माझा राग नाही.

मी स्क्रीन पाहिली. फाइलमध्ये ती ओळ नव्हती. खरं सांगते, दोनदा तपासली.

"पत्रात होती का, काका?"

"व्हती. मीच गाळली." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "सुट्टी मिळाली व्हती तवा. दोस्ताच्या गावाला गेलो, घरला गेलोच न्हाई. लेक वाचंल म्हणून..."

ती प्रिंट घडी घालून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवली. उरलेली पत्रं लावायला मी पुन्हा यादी उघडली, तर तो फॉन्ट गायब. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, बॅकअप धुंडाळला... काही नाही. माझी चूक म्हणावी, तर नेमकी कुठली?

पुस्तक शेवटी साध्याच फॉन्टमध्ये छापलं. ती ओळ मात्र काकांनी स्वतः सांगून घालायला लावली.

याचा उलगडा मला अजून झालेला नाही. माझी आई जाऊन सहा वर्षं झाली. हल्ली दुकानात कुणी नसलं की तिच्या तोंडचं एखादं वाक्य टाइप करते आणि यादी अगदी तळापर्यंत सरकवत नेते. चिवडा, चौकोन, बरा, चिवडा...