कुत्री गप झाली

आमच्या घरात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले. मराठी घेऊन बी.ए. झाले, आणि हे सांगताना अजूनही माझी मान ताठ होते. शब्दाला अर्थ कुठून येतो यावर पेपरात पानंच्या पानं लिहिलीत. पण तो येताना पाहिला आमच्या बांधावर.

पुण्याची मैत्रीण राहायला आली होती. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या डिश आमच्या उसावरून दिसतात, त्यांचा तिला फोटो हवा होता. दिवस कलला होता. मी आणि आई गुरांसाठी घास कापत होतो, आणि ही मोबाइल धरून पार उसाच्या कडेला.

तेवढ्यात शेजारच्या रानातून चुलतीनं हाळी दिली, "कुत्री गप झाली गंऽ!"

"हो ना काकू, किती शांत वाटतंय!" मैत्रीण तिकडून म्हणाली.

माझा विळा जागच्या जागी थांबला. वस्तीवरची कुत्री त्या वेळेला भुंकतच असतात. सगळी एकदम गप झाली, म्हणजे बिबट्या उसात आलाय. आमच्याकडं हे कुणी कुणाला समजावत नाही. आणि हिची पाठ उसाला.

मी ओरडणार, तोच आई हळूच म्हणाली, "नाव घिऊ नको. पळंल ती. पळालं की मागं लागतं ते." मग तिनं आवाज चढवला, "काय गं, आज कालवण कशाचं व्हतं?"

"गवारीचं! मीठच न्हाई टाकलं!"

"तुला कवा आठवलंय मीठ! भाऊजी गरीब म्हणून गप जेवत्यात!"

"गरीब? लई गरीब! हाटेलात भजी खाऊन येत्यात!"

पलीकडच्या बायाही त्यात पडल्या. विहिरीवर कुणीतरी बादली बडवायला लागलं. ठरलं काहीच नव्हतं, आणि सगळं शिवार बोलत बोलत, सावकाश, उसाकडं सरकत होतं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो नुसता भीतीचा नव्हता. गवारीशी कुणालाच देणंघेणं नव्हतं. तरी प्रत्येकीला प्रत्येकीचं कळत होतं.

मैत्रिणीला गंमत वाटली. "मग उद्या काय करणार?" विचारत, हसत ती आमच्याकडं चालत आली. आईनं तिचं मनगट घट्ट धरलं. मागं उसाचे शेंडे हलले, आत आत हलत गेले. वारा नव्हता.

घरी ओट्यावर बसवून तिला खरं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "पण त्या तर कुत्र्यांबद्दल बोलल्या. आणि भाजीबद्दल."

मी समजावायला लागले. कुणाची शेळी गेली, कुणाचं वासरू, ऊसतोड लागली की ते जनावर कुठं सरकतं, उभं राहून का बोलायचं, वाकून का नाही. सांगत राहिले, संपेना. तीन शब्दांच्या मागं आमचं सगळं जगणं उभं होतं.

आत आई चुलतीला फोन लावून म्हणाली, "आली गं घरी." आणि फोन ठेवून पीठ मळायला बसली.