मधुभाऊंची बारी

नवं गाणं करायला बसलो की मधुभाऊ सगळ्यात आधी नावं ठरवायचे. शब्द एकही झालेला नसायचा, चालीचा पत्ता नसायचा, आणि हे पेटीवरचं फडकं काढता काढता विचारायचे, "आज बारी कोणाची?" मी म्हणायची, तुमची. मग ते गाणं 'मधुकर–रजनी' यांचं. पुढचं 'रजनी–मधुकर' यांचं. त्यानंतर ओळ कोणाला सुचली, चाल कोणी बांधली आणि कोण नुसतं चहा पीत बसलं, याची चर्चा कायमची बंद. "गानं चांगलं झालं का मानसं बिघडते," असं ते म्हणत, "म्हनून आधीच वाटून घ्याव."

आर्वीत एसटी डेपोजवळ त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुकानदारी मात्र त्यांना जमली नाही. गिऱ्हाइकाने साडी हातात घेतली की हे सरळ सांगायचे, हा रंग तुमाले नाई शोभत. गिऱ्हाईक निघून जायचं. गल्ल्यावर बसलेली वैशालीवहिनी त्याला पायरीवरून परत बोलवायची, म्हणून दुकान चाललं. आठवड्यातून एकदा दुकान बंद असे, त्या दिवशी आमचा बँड मागच्या खोलीत जमायचा. आधी आम्ही लग्नांतून सिनेमाची गाणी वाजवत होतो. एक दिवस मधुभाऊंनाच कंटाळा आला आणि आम्ही स्वतःची गाणी करायला लागलो. ढोलकीवाला आणि कीबोर्डवाला वाजवायचे. गाणी करायची आम्ही दोघांनी. मी हिंगणघाटची, लग्न होऊन आर्वीत आलेली, पंचायत समितीत नोकरी करणारी. मधुभाऊ माझ्याहून बरेच मोठे, पण गाण्याच्या खोलीत त्यांनी मोठेपणा कधी दाखवला नाही. तिथे ते माझ्याशी भांडायचे, आणि ते मला फार आवडायचं.

बारीची ही पद्धत त्यांनी सेलूकडच्या मामांच्या वावरातून उचलली होती. दोन मामांत विहीर एकच. एक दिवस ओलिताचं पाणी याचं, एक दिवस त्याचं. तुमच्या दिवशी मोटारीची लाइन गेली तर तुमची बारी गेली, दुसऱ्याच्या दिवशी हात घालायचा नाही. दोघा भावांचं कशावरून तरी फाटलं आणि बोलणं बंद झालं, ते कित्येक वर्षं. "बोलनं बंद होतं, पन बारी चालू होती," मधुभाऊ हे इतक्या अभिमानाने सांगत की जणू भांडणही मामांनी त्यासाठीच केलं असावं. बारीला एक पोटनियम होता. हे कोणी केलं असं बाहेर कोणीही विचारलं, तर "दोघांनी केलं" एवढंच सांगायचं. मी हसत हसत कबूल झाले होते. तेव्हा आमची गाणी विचारतंय कोण, असाच प्रश्न होता.

मग मी आईचं गाणं केलं. आई हिंगणघाटला जिनिंगमध्ये कामाला होती. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसात कापसाचे तंतू अडकलेले असायचे आणि मी मागे बसून ते वेचायची. 'माय घरी आली तरी कापूस केसात राह्यते' अशी सुरुवात होती. शब्द माझे, चाल माझी, मधुभाऊंनी त्यात एक स्वरही बदलला नाही. आणि बारी होती त्यांची.

ते गाणं चाललं. लोकांनी मोबाइलवर एकमेकांना पाठवलं, आणि हिंगणघाटहून कार्यक्रमाचं बोलावणं आलं. आई पुढच्या रांगेत बसणार होती. मी मधुभाऊंना म्हटलं, एवढ्या एका गाण्यापुरतं माझं नाव आधी घ्या. त्यांनी पेटीवर फडकं घातलं. मग म्हणाले, "आज याचं बदललं, का उद्या प्रत्येक गान्याचं माप काढत बसू. मंग गानं कवा कराव?" मी चपला घालून निघाले. थांबले असते तर रडले असते.

निवेदकाने सांगितलं, गीत आणि संगीत मधुकर आणि रजनी. माणसं पहिलं नाव ऐकतात, दुसऱ्या नावापर्यंत त्यांच्या टाळ्या सुरू झालेल्या असतात. कार्यक्रम संपल्यावर आई मला ओलांडून थेट मधुभाऊंकडे गेली. "भाऊ, माह्या केसातला कापूस तुमाले कसा माईत?" असं तिने विचारलं. मधुभाऊ म्हणाले, दोघांनी केलं. आईला तो त्यांचा विनय वाटला. निघताना तिने त्यांच्यासाठी तिळाच्या वड्यांचा डबा भरून दिला, आणि या माणसाने परतीच्या जीपमध्ये माझ्यासमोर बसून त्या वड्या खाल्ल्या. मला एक दिली. मी घेतली नाही.

पुढे बरेच दिवस मी सरावाला गेले नाही. मधुभाऊंनीही समजूत काढली नाही. एक दिवस फक्त निरोप पाठवला, उद्या येजो, बारी तुही आहे. मी गेले. तत्त्वासाठी गेले असं म्हणायला मला आवडेल, पण बारी माझी होती म्हणून गेले. नियम म्हणून मी आईलाही खरं सांगितलं नाही, आणि ती पुढे दोन-तीन वर्षांत वारली. ते गाणं मधुकर नावाच्या एका भल्या माणसाने आपल्यावर रचलं, असं समजूनच ती गेली. ते मला आजही लागतं.

वैशालीवहिनी अचानक गेली. महिनाभर दुकान उघडलं नाही, आमची खोलीही बंद. मग मधुभाऊंनी बोलावून घेतलं आणि न विचारता पेटीवर एक गाणं म्हटलं. 'तू गेल्यापासून दुकान किती मोठं झालं' अशी त्याची ओळ होती. गाणं पूर्ण झालेलं होतं, मी त्याला हात लावावा असं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, भाऊ, हे तुमच्या एकट्याच्या नावावर जाऊ द्या. त्यांनी पेटीचा भाता लावला आणि म्हणाले, "बारी तुही आहे." वहिनीचं गाणं 'रजनी–मधुकर' यांचं झालं.

आर्वीतच ते पहिल्यांदा म्हटलं. मधुभाऊंना म्हणवलं नसतं, म्हणून मी गायले. खाली उतरले तर एका बाईंनी माझे दोन्ही हात धरले. रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "बाईचं मन बाईलेच समजते. मानसाले असं लिहिता नसतं आलं." मधुभाऊ हातभरावर उभे राहून माइकची वायर गुंडाळत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. मग त्या बाईंना सांगितलं, दोघांनी केलं, आणि वायर गुंडाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, ते कापडाची ठाणं लावत होते. मी विचारलं, "भाऊ, काल तुमाले दुखलं नाई का?"

"दुखलं ना. काऊन नाई दुखन?" ते घड्या घालत म्हणाले. "तुह्या मायनं मले डबा देल्ला, तवा मी तुह्या तोंडाकडं पाह्यलं होतं. त्या वड्या मले गोड नाई लागल्या रजनी. पन खाल्ल्या. वापस केल्या असत्या तं माय दुखावली असती, अन् खरं सांगितलं असतं तं बारी मोडली असती."

इतकी वर्षं मला वाटत होतं की या माणसाला काही दिसतच नाही. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि चांगली रडले. मधुभाऊंनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत मी नेसलेल्या साडीचा रंग मला कसा शोभत नाही ते सांगत बसले.

मागच्या वर्षी मधुभाऊ गेले. आता आमचा कीबोर्डवाला सगळी गाणी यूट्यूबवर टाकतो आहे. परवा त्याने विचारलं, ताई, आता तरी सांगा, कोणतं कोणाचं? खरी नावं टाकतो. मी सांगितलं, पहिलं मधुकर–रजनी, दुसरं रजनी–मधुकर, तसंच पुढे टाकत जा. कोणतं कोणाचं हे आम्हा दोघांना माहीत होतं. आता मला एकटीला माहीत आहे. त्यातली दोन आज मी इथे सांगून टाकली. बाकीची दोघांनी केली.