गरम डब्याचं भांडण

आमच्या बस डेपोत एक फिटर होता. त्याला सगळे पाना म्हणत. हातात पाना असल्याशिवाय त्याला बोलताच येत नसे, आणि बोलायला लागला की समोरच्याला वाटे, हा आता आपलेच नटबोल्ट आवळणार. मी तिथे ड्यूट्या लावणारा कारकून. त्यामुळे त्याचा राग मला रोज सकाळी चहाच्याही आधी मिळायचा.

या रागाचं मूळ त्याचा मेहुणा. तो आमच्याच डेपोत ड्रायव्हर होता. देखणा गडी, हसतमुख, गाडीवर बसला की उतरायचं नाव नाही. शेवटच्या स्टॉपवर जेमतेम श्वास घ्यायला वेळ मिळे. तेवढ्यात तो काहीतरी तळलेलं तोंडात कोंबायचा, वर गोड थंड बाटली रिचवायचा आणि पुन्हा स्टिअरिंग धरायचा. रक्तातली साखर वाढल्याचं कळलं तेव्हा बरीच वर्षं उलटून गेली होती. मग बूट लागून अंगठ्याला साधी जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी पाऊलच कापावं लागलं. तेव्हापासून तो बहिणीच्या घरी, म्हणजे पान्याच्याच घरी, खिडकीशी बसून असे.

पान्याने त्यानंतर खाण्यावरून भांडायला सुरुवात केली. त्याची बायको पहाटे उठून मोठा डबा भरून द्यायची. शिजवलेले मसूर, लसणावर परतलेला पालक, उकडलेली अंडी, काकडी, मूठभर शेंगदाणे. पाना तो डबा ड्रायव्हरांपुढे आदळायचा. रोज असलं काहीतरी खा म्हणायचा, नाहीतर मेहुण्याशेजारी तुमची खुर्ची टाकून ठेवतो. गोड बोलणं त्याला जमतच नव्हतं. लोक आधी हसले, मग हळूहळू आपापले डबे आणू लागले.

ते पाहून पान्याने भंगारातल्या बसच्या सीटा काढून बाकं केली, जुन्या दारावर पत्रा ठोकून टेबल केलं आणि एक बंद पडलेली विजेची शेगडी आणून चालू केली. दुपारी विश्रांतीच्या खोलीत लसणाचा वास सुटायचा आणि डबे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे. कोणी वरण आणी, कोणी दही, कोणी गाजरं. एका जाड्या कंडक्टरचं पोट उतरलं तेव्हा पाना त्याला म्हणाला की आता पट्टा नवीन घे, एका हाताने विजार धरून तिकिटं कशी फाडशील. त्याच्या तोंडून मी ऐकलेला विनोद एवढाच.

मग एका सोमवारी आम्ही खोलीत गेलो तर टेबल, बाकं, शेगडी, सगळं गायब. त्या जागी एक लाल मशीन घुरघुरत उभं होतं. आत थंड बाटल्या, वेफर्स, बिस्किटं. पाना तसाच ग्रीसच्या हातांनी डेपो मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. साहेबांनी शांतपणे समजावलं की शेगडीने आग लागू शकते, ते टेबल म्हणजे भंगार होतं, आणि मशीनमध्ये फळांचा रससुद्धा आहे. पान्याने त्या रसाची बाटली आणून त्यांच्यापुढे ठेवली. चित्र संत्र्याचं होतं, आत साखरेचं पाणी. साहेब म्हणाले, आवडत नसेल तर घेऊ नका.

थंडीचे दिवस होते. गार मसूर दगडासारखे लागत. एकेकाचा डबा घरीच राहू लागला आणि मशीनपुढे रांग लागू लागली. पाना धुमसत होता. तो दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या इंजिनांवर तारेने डबे बांधून गरम करायला लागला. एकदा असा डबा बांधलेलीच गाडी कोणीतरी बाहेर काढली आणि सगळी फेरी उतारू लसूण कुठे जळतोय ते शोधत राहिले. पान्याला मेमो मिळाला. तो मेमो त्याने हात पुसायला वापरला.

पुढच्या महिन्यात डेपोत आरोग्य दिन ठरला. खुर्च्या मांडल्या, फलक लावला, आणि प्रत्येकाच्या हातात एक बिस्किटाचा पुडा आणि तोच संत्र्याचा रस दिला. बोलायला एक तरुण आहारतज्ज्ञ बाई आल्या होत्या. चांगलं बोलत होत्या त्या. पालेभाज्या, कडधान्यं, अंडी, दही, ताजी फळं रोजच्या जेवणात ठेवा, साखर आणि मीठ कमी करा, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयाचे आजार यांचा धोका बराच कमी होतो. साहेब मान डोलवत होते.

पाना उठला. त्या दिवशी त्याचा आवाज चढला नाही, म्हणून मला भीती वाटली.

"बाई, तुमचा शब्द न् शब्द खरा आहे. हे सगळं आमच्या डब्यात होतं. आमचं टेबल उचलून तिथे हे मशीन ठेवलं. आता आम्ही खायचं कुठे, आणि गरम कशावर करायचं, तेवढं सांगा."

बाईंनी हातातल्या रसाच्या बाटलीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली. त्यांनी साहेबांना विचारलं की इथे डबा गरम करायची काहीच सोय नाही का. साहेब गडबडले. म्हणाले, माझ्या केबिनमध्ये एक ओव्हन आहे तेवढा.

"मग तूर्तास तिथे करा," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी साहेबांच्या केबिनबाहेर डब्यांची रांग लागली. सगळे अगदी अदबीने आत जात, दार लोटून घेत, ओव्हन लावून हात बांधून उभे राहत. पालक, मासे, लसूण, कोबी. भेटायला आलेली माणसं नाकाला रुमाल लावून बसत. बाईंचं नाव पुढे केल्यामुळे साहेबांना नाही म्हणता येईना. आठवडाभरात टायरांची खोली रिकामी झाली, तिथे टेबल आलं, नवी शेगडी आली. मशीन मात्र हललं नाही, आणि त्याच्यापुढे उभे राहणारेही पुरते संपले नाहीत.

लोकांनी पान्याच्या पाठीवर थाप मारली तर त्याने खांदा झटकला. घरी त्याने मेहुण्याला सगळं सांगितलं. मेहुणा पोट धरून हसला, मग म्हणाला, "भावोजी, माझ्या वेळी टेबल असतं ना, तरी मी थंड बाटलीच घेतली असती."

पाना ताटावरून उठला. हे त्याने मला दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं. डोळे लाल होते.

"खरं बोलला तो," पाना म्हणाला. "त्याचाच जास्त राग येतो."

मग ड्यूट्यांचा तक्ता माझ्या हातातून ओढून त्याने एका ड्रायव्हरच्या नावावर बोट आपटलं. त्याची जेवणाची सुट्टी मी शेवटच्या स्टॉपवर लावली होती. ही आधी बदल म्हणाला, तो डेपोत येऊन जेवला पाहिजे. मी रबर घेऊन ओळ खोडली, तोवर तो तिथून हलला नाही.